खाच

वजनकाट्याच्या केबिनमधला संगणक
रोज दुपारी दोनच्या सुमाराला मान टाकतो.
बाहेर सळ्यांचे ट्रक खोळंबतात,
दौलत काटेवाला वहीत पेनानं वजनं लिहीत बसतो.
आज तो डबा माझ्या टेबलावर उघडा आहे,
नव्या मोंढ्याच्या मागं, कूलरचं पाणी संपलेल्या दुकानात.

पंखा धडधाकट. पात्यांवर मिलची तांबूस भुकटी,
ब्रशनं झटकली तर चहाच्या गाळासारखी कागदावर पडली.
पडद्यावर आकडा : बेचाळीस.
बेचाळीसला कोण मरतं, मी म्हटलं.
बेचाळीसला जालन्यात लग्नं लागतात.

मग प्रोसेसर उचलला, तेव्हा दिसला तो.
सॉकेटच्या मधल्या खळग्यात
कणीएवढा उष्मामापक,
धगीपासून जोंधळ्याच्या दाण्याइतका लांब.
खोटं बोलत नव्हता बिचारा.
जिथं होता तिथलं सांगत होता,
वेधशाळेच्या पांढऱ्या खोक्यासारखा,
झडपांच्या सावलीत उभा राहून
अख्ख्या जिल्ह्याचा पारा सांगणारा.

इद्रीसचाचांना बोलावलं.
एकतीस वर्षं रोलिंग मिलच्या भट्ट्यांना
हेच बसवत आले, मनगटाएवढ्या नळीतून,
बाराशे डिग्रीपर्यंत.
माझी तार पाहून म्हणाले, 'हे तर केस हाय.'

दोन तारा. एक क्रोमेल, एक अल्युमेल.
एकेकट्या असताना मुक्या.
टोकं पिळून वितळवली की मोहरीएवढा मणी होतो,
मण्याला धग लागली की दोघींत कुजबुज सुरू होते,
डिग्रीमागं चाळीसेक मायक्रोव्होल्ट,
त्याहून मोठ्यानं नाही.

आधी मण्याची परीक्षा.
खालच्या रसवंतीतून पेलाभर बर्फ : शून्य पूर्णांक दोन.
टपरीवरचं उकळतं आधण : अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन.
मी तोंड वाकडं केलं. चाचा हसले.
'बरोबर सांगायलाय तो. गाव आपलं उंचावर हाय पोरी,
इथं पाणी शंभराची वाट बघत नाही.'

मग टोपी. निकेलची, चकचकीत.
तिच्यावरची अक्षरं कानशीनं पुसत
कडेपासून मध्यापर्यंत बारीक खाच.
माझा हात थांबला.
एक घास जास्त झाला तर खाली सिलिकॉन.
चाचांनी कानस मागितली नाही.
'श्वास सोडताना ओढ,' एवढंच.

मणी खाचेत. वर लेप. वर हीटसिंक, होता तसाच.
दौलतचे सगळे महिन्याचे हिशोब एकदम चालू केले.
पडद्यावर बेचाळीस. मीटरवर साठ.
पडद्यावर बेचाळीस. मीटरवर एक्क्याऐंशी.
पडद्यावर त्रेचाळीस.
मीटरवर सत्त्याण्णव,
आणि काळोख.

आम्ही दोघं त्या काळोखाकडं
बराच वेळ खुशीत बघत राहिलो.

हीटसिंकच्या चौकटीचा एक दात तडकलेला.
केबिन तापली की नरम पडायचा,
वजन एका अंगाला कलायचं,
आणि वजनकाट्यावरच्या माणसाला ते दिसायचं नाही.
नवी चौकट पस्तीस रुपयांची.
मीटर आता त्रेसष्टवर बसून आहे,
जेवण झालेल्या माणसासारखा.

चाचा उठले नाहीत.
भट्टीनं त्यांच्या बोटांची टोकं कधीच गुळगुळीत केलीत,
वाफाळता पेला फडक्याविना उचलतात
आणि विचारतात, चहा निवला काय गं?
उरलेला मणी त्यांनी तळहातावर ठेवला, मूठ मिटली.
'बघ किती.'
आकडा हळूहळू चढला. एकतीस. तेहतीस. चौतीस पूर्णांक सहा.
'असू दे,' म्हणाले, 'म्हणजे अजून लागतंय आतून.'

संध्याकाळी बिल केलं.
चौकट पस्तीस, तार एकशे वीस, मजुरी अडीचशे.
दौलत विचारायलाय, ही बारीक तार बाहेर का लोंबतेय?
राहू दे, म्हटलं.
दुपारी दोनला पडद्याला विचारू नकोस,
तिला विचार.